धबधबा सर्वांचा, मग तार कोणाची?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका खेडेगावच्या शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आज मी विजेविषयी बोलणार आहे. पाण्यापासून वीज कशी पैदा होते हे तुमच्या पोरांच्या पुस्तकात आहे, तेव्हा त्यात वेळ घालवीत नाही. पाणी उंचावरून पडते, चाक फिरते, चाकाबरोबर यंत्र फिरते व वीज निघते, इतके ध्यानात असले म्हणजे पुरे. मला बोलावयाचे आहे ते त्यापुढचे. डोंगरात पैदा झालेली वीज तुमच्या घराशी येते ती तारेवरून. ही तार कोणाच्या मालकीची असावी? सर्व रयतेची, की एखाद्या कंपनीची?

तुम्ही म्हणाल, मास्तर, आम्हाला तारेशी काय करावयाचे? मोटार चालली, दिवा लागला, झाले आमचे काम. यावर मी पाटाच्या पाण्यावर भिजवणाऱ्या मंडळींना एक सवाल करतो. नदी सर्वांची, पाऊस देवाचा. पण धरणापासून तुमच्या रानापर्यंतचा पाट जर एकाच असामीने स्वतःच्या खर्चाने काढला असेल व त्याच्या दाराची किल्ली त्याच्याच कनवटीला असेल, तर पाणी कोणाचे म्हणावे? त्या माणसाला नदी विकत घेण्याची गरजच नाही. पाट हाती असला म्हणजे नदी आपोआप हाती येते. विजेच्या तारेचे तसेच आहे.

तारेची एक खुबी तेवढी आधी सांगतो, कारण पुढला सगळा झगडा तिच्यावर आहे. कच्च्या पाटातून पाणी जसे वाटेत जिरते, तशी तारेतून वीज वाटेत जिरते. तार तापते व ती ऊब वाऱ्यावर जाते. यावर इलाज असा की विजेचा दाब वाढवावयाचा. तेवढीच वीज दुप्पट दाबाने सोडली तर तिची वाटेतली गळती चौथाईवर येते. म्हणूनच धरणापाशी दाब लाखांच्या घरात चढवितात, डोंगराएवढे मनोरे उभारून तारा नेतात, आणि गावाशी आल्यावर आपण जिला डीपी म्हणतो त्या पेटीत दाब उतरवून घराला देतात. असे मनोरे उभारण्यास पैका फार लागतो. एकदा एक ओळ उभी राहिली म्हणजे तिच्या शेजारी दुसरी उभी करून चढाओढ करणारा सहसा निघत नाही. किराणा दुकान न आवडले तर पलीकडच्या आळीतल्या दुकानात जाता येते. तारेच्या बाबतीत पलीकडची आळीच नसते.

आता एक हकीगत ऐका. ती आपल्या मुलखातली नाही, फार दूरची, कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताची आहे. हा वाद तेथे अगदी उघड्यावर, गावोगाव मते घेऊन लढला गेला, म्हणून ती सांगतो.

कॅनडा व अमेरिका यांच्या सरहद्दीवर नायगारा नावाचा प्रचंड धबधबा आहे. अमेरिकेच्या काठावर कंपन्यांनी तेथे वीज काढली व १८९६ साली ती बफेलो शहरापर्यंत तारेने नेली. कॅनडाच्या काठावरही १९०३ सालापर्यंत तीन कंपन्यांनी पाण्याचे हक्क घेऊन ठेविले होते. त्यांपैकी दोन अमेरिकन भांडवलाच्या. तिसरी टोरोंटो शहरातल्या बड्या धनिकांची; त्यांतले हेन्री पेलट व विल्यम मॅकेन्झी हे मुख्य. या गृहस्थांच्या हाती टोरोंटोच्या दिव्यांची कंपनी आधीच होती, ट्रामही होती. म्हणजे धबधबा त्यांचा, वाटेतली तार त्यांची, आणि शहरातला दिवाही त्यांचा. वरपासून खालपर्यंत एकच कुळी!

मग बाकीच्या गावांचे काय? ऑन्टॅरिओत कोळसा निघत नाही. तो अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाहून आणावा लागे, व १९०२ साली तेथील खाणकामगारांचा मोठा संप झाला तेव्हा कारखानदारांच्या तोंडचे पाणी पळाले. बर्लिन, वॉटर्लू, ग्वेल्फ, लंडन अशी लहान लहान गावे (ही नावे ऐकून विलायतेत जाऊ नका, ऑन्टॅरिओतीलच ही गावे, आणि तेथील बर्लिनला १९१६ पासून किचनर म्हणतात) लाकूडकाम, जोडे, गुंड्या असल्या मालावर पोट भरणारी. तेथले लोक बहुतेक हाताने कष्ट करून वर आलेले. त्यांनी हिशेब केला. नायगाऱ्याची वीज टोरोंटोच्या धनिकांच्या तारेवर चढली म्हणजे ती टोरोंटोला जाईल, गिऱ्हाईक मोठे तेथे. आपल्यासारख्या गावाला मिळालीच तर ती त्यांच्या मर्जीने व त्यांच्या दराने. स्नायडर नावाचा गिरणीवाला आणि डेटवायलर नावाचा व्यापारी या दोघांनी प्रथम हाक दिली. हा डेटवायलर सायकलवर बसून गावोगाव हिंडला व एकेका कारखानदाराला भेटून पटवीत गेला. १९०२ व १९०३ साली त्यांच्या सभा भरल्या. पुढे या चळवळीला पुढारी मिळाला तो ॲडम बेक. जर्मनीहून आलेल्या आईबापांचा मुलगा. सिगारेटच्या नव्हे, चिरुटाच्या लाकडी पेट्या बनविणे हा त्याचा धंदा. लंडन गावचा मेयर. म्हणजे आपल्याकडे बोलावयाचे तर पेट्या ठोकणारा सुतार. तोही काही साधुसंत नव्हता, हे पुढे येईलच.

१९०५ साली प्रांतात सरकार बदलले. नवे मुख्य प्रधान व्हिटनी यांनी सांगून टाकले की, नायगाऱ्याचे पाणी हवेसारखे सर्वांना मोकळे असावे, मूठभरांच्या फायद्यासाठी नव्हे. १९०६ साली कायदा होऊन जलविद्युत मंडळ नेमले गेले व बेक त्याचा अध्यक्ष झाला.

आता यातील मख्खी पहा. मंडळाने प्रारंभी धबधब्यावर हात घातला नाही. कंपन्यांची विजेची घरे हिसकावली नाहीत, नवे धरणही बांधले नाही. फक्त एवढेच म्हटले की, वीज तुम्ही काढा, तुमच्या दारात आम्ही ती ठरल्या भावाने घेतो. पण तेथून गावापर्यंतची तार आमची. टोरोंटोच्या धनिकांशी बोलणे फिसकटले तेव्हा तीन कंपन्यांपैकी ऑन्टॅरिओ पॉवर कंपनीशी करार केला. तिला गिऱ्हाईक हवेच होते. कंपनीवाल्यांचा जीव खरा कोठे होता हे यावरून दिसते. धबधबा कोणी मागत नव्हते, मागत होते ती तार. आणि तेवढ्यावर केवढा गहजब झाला!

म्हणाले, ही चोरी आहे. म्हणाले, सरकारला धंदा काय कळतो, रस्त्यावरचा खड्डा यांच्याने बुजत नाही. म्हणाले, विलायतेतील भांडवलवाल्यांनी विश्वासाने पैसा दिला, त्यांचा घात होतो. पुढे या प्रांताला कोणी छदाम कर्ज देणार नाही. विलायतेच्या पेढ्यांमध्ये तशी ओरड खरोखरच उठविण्यात आली आणि प्रांताच्या रोख्यांना झळही लागली. कोर्टात दावे पडले. शेवटी प्रकरण ओटावाच्या वरिष्ठ सरकारकडे नेले की हा कायदाच रद्द करा. त्या सरकारने १९१० साली तसे करण्याचे नाकारले.

यांतले एक म्हणणे मला हसण्यावारी नेता येत नाही. १९०९ साली प्रांतिक सरकारने असा कायदा केला की, या करारांविरुद्ध कोणी कोर्टात जाऊ नये व चालू असलेले दावे बंद व्हावेत. हेतू चांगला होता हे कबूल. तरीपण कोर्टाचे दार बंद करून जिंकलेला खटला मला रुचत नाही. आज ते दार धनिकावर बंद झाले. उद्या तेच कुलूप गरिबाच्या दारास लागते, आणि गरिबाला ते फोडण्याची ऐपत नसते.

असो. दुसऱ्या बाजूला गावांनी काय केले ते पहा. १९०७ व १९०८ सालच्या जानेवारीत म्युनिसिपालिट्यांनी आपापल्या गावी मते घेतली: मंडळाची वीज घ्यावयाची की नाही, त्यासाठी कर्ज उभारावयाचे की नाही. गावांनी होय म्हटले. मोठ्या तारेचा पैसा प्रांताने कर्जाऊ उभा केला आणि तो व्याजासह तीस वर्षांत फेडण्याचे ओझे गावांनी आपापल्या वाट्याप्रमाणे उचलले. गावातल्या लहान तारा व खांब म्युनिसिपालिटीच्या मालकीचे. एक लक्ष दहा हजार व्होल्टच्या दाबाची तार पोलादी मनोऱ्यांवर चढली. एवढ्या दाबाच्या तारा त्या काळी जगात विरळा होत्या. ११ ऑक्टोबर १९१० रोजी बर्लिन गावात बेक व व्हिटनी यांच्या हस्ते कळ दाबली जाऊन दिवे लागले.

या व्यवस्थेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. मंडळ नफ्यासाठी नव्हतेच. जेवढा खर्च तेवढाच दर, असा कायदा. पण खर्च आधी कसा कळावा? म्हणून बारा महिने गावाने अंदाजाचे बिल भरावयाचे व वर्षाअखेर खरा हिशेब मांडून मंडळाने तेरावे बिल पाठवावयाचे. जास्त घेतले असेल तर परत, कमी पडले असेल तर वसूल. त्या मुलखात ‘तेरावे बिल’ हा शब्दच पडून गेला. आपल्याकडे तेरावे म्हटले की दुसरेच काही आठवते! पण विचार करा, वर्षाच्या शेवटी विजेचा खराखुरा खर्च गावापुढे मांडला जातो, व गावाचा कारभारी ती चोपडी वाचतो. तारेची मालकी कागदावर सार्वजनिक असणे वेगळे आणि असा हिशेब दारात येणे वेगळे.

पेलटसाहेबाचे पुढे काय झाले हे विचारण्याची हौस तुम्हास असेलच. त्याने टोरोंटोत अठ्ठ्याण्णव खोल्यांचा राजवाडा बांधला, आणि मग कर्जात बुडून त्याला तो सोडावा लागला. तो वाडा आज लोक तिकीट काढून पाहतात.

आता शेतकऱ्याविषयी. येथे मात्र या सार्वजनिक तारेची परीक्षा कडक घेतली पाहिजे. गावांना दिवे १९१० साली लागले. तारा शेतांवरून गेल्या. पण शेतातले घर अंधारातच राहिले. कारण सरळ आहे. गावात एका खांबावर दहा घरे, शिवारात एका घराला दहा खांब. आणि नियम ‘खर्चाएवढा दर’. म्हणजे शेतकऱ्याला परवडणार नाही इतका दर. बेकने १९१२ साली गाड्यांवर मोटारी व दाब उतरविण्याच्या पेट्या लादून त्या जत्रांतून व शेतांतून फिरविल्या. विजेवर मळणी कशी होते, कडबा कसा कापला जातो, पाणी कसे उपसले जाते हे दाखविले. लोकांनी त्याला सर्कस नाव ठेविले. तमाशा चांगला झाला, परंतु पोटाला पैसे कोठून आणावे? अखेर १९२१ साली कायदा झाला की, शेतांकडे जाणाऱ्या मुख्य तारांचा निम्मा खर्च प्रांताच्या तिजोरीतून द्यावा. मग कोठे खेड्यांचे दिवे लागू लागले. अकरा वर्षे गेली मध्ये. तार सार्वजनिक झाली म्हणून शेतकऱ्याचे काम आपोआप झाले नाही, त्याला पुन्हा ओरडावे लागले. मात्र ओरडण्याला जागा होती. कंपनीच्या दारात ओरडला असता तर कोणी विचारले असते?

हाच वाद पुढे अमेरिकेत आला. तेथे कोलंबिया नदीवर सरकारने बॉनव्हिल धरण बांधले, तेव्हा कंपन्या म्हणाल्या, धरण सरकारने बांधावे, बेशक; पण वीज आम्हाला धरणाच्या दारातच विका, पुढची वाहतूक आम्ही बघू. ऐकावयास किती गोड! जोखमीचे, खर्चाचे, वर्षानुवर्षे चालणारे काम रयतेच्या पैशाने. आणि जेथून गिऱ्हाईक सुरू होते तेथून कंपनी. १९३७ सालच्या कायद्याने हे मान्य केले नाही. सरकारी तारा ओढल्या गेल्या व वीज देताना गावांच्या व शेतकऱ्यांच्या सहकारी मंडळ्यांना अग्रहक्क मिळाला. त्या वेळी अमेरिकेत दहा शेतांतून सुमारे एका शेताला वीज होती. कंपन्यांनी इतक्या वर्षांत खेड्यांत किती काम केले होते, त्याचा हा दाखला.

ऑन्टॅरिओची पुढली हकीगत लपविणार नाही. बेक हट्टी होता, हिशेब विचारलेले त्याला खपत नसे. १९१७ साली सुरू केलेल्या क्वीन्स्टन येथील प्रचंड वीजघराचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला व त्यावर चौकशी बसली. १९२५ साली तो वारला. पुढे मंडळाने अणुशक्तीच्या कारखान्यांत अतोनात पैसा ओतला आणि १९९९ साली त्याचे तुकडे पाडले तेव्हा सुमारे अडतीस अब्ज डॉलरचे ओझे डोक्यावर होते. तारांची वेगळी कंपनी झाली. २००२ साली सरकार ती विकावयास निघाले. कामगारांच्या संघांनी कोर्टात अडविले व विक्री फसली. १३ वर्षांनी, २०१५ पासून, तिचे भाग बाजारात विकण्यात आले व आता प्रांताचा हिस्सा निम्म्याहून कमी आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावांनी कर्ज फेडून ती तार उभी केली, त्यांना विकतेवेळी मत विचारले गेले नाही. घेताना मते घेतली, विकताना नाही. हे मला त्या कर्जाहूनही जास्त बोचते.

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. टाटांनी खोपोलीचे वीजघर १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली व भिऱ्याचे १९२७ साली चालू केले. इंद्रायणी, आंध्रा, मुळा या नद्या मूळच्या पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणाऱ्या. त्यांचे पाणी घाटमाथ्यावर अडवून कोकणात खाली सोडले व वीज तारेने मुंबईच्या गिरण्यांना दिली. येथे पाणी, वीजघर व तार, तिन्ही एका हाती. परक्या सरकारने हे काम अंगावर घेतले नाही, देशी घराण्याने घेतले, आणि कसबाने केले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मुळशीच्या धरणाखाली बावन्न गावांवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सेनापती बापटांच्या बरोबर सत्याग्रह मांडला. त्यांच्या पुष्कळ जमिनी आधीच सावकारांच्या नावावर चढलेल्या; सबब नुकसानभरपाईचा पैसाही पुष्कळसा सावकाराच्या पदरात. कसणाऱ्याचे रान पाण्याखाली, पैसा पुण्यात आणि वीज मुंबईत! त्या मावळ्याला जर कोणी विचारले असते की, बाबा, ही तार कोणाची असावी, तर त्याने काय उत्तर दिले असते?

स्वराज्य आल्यावर १९४८ च्या कायद्याने प्रांतोप्रांती वीज मंडळे निघण्याची वाट झाली; आपले महाराष्ट्र मंडळ १९६० सालचे. कोयनेची पहिली वीजही बव्हंशी मुंबई-पुण्याकडेच धावली, आणि कोयनेच्या उठविलेल्या लोकांचे हाल काही थोडे झाले नाहीत. पण तार राज्याची होती म्हणून तिला फाटे काढता आले, व सुताराच्या पट्टीला, कोष्ट्याच्या मागाला, विहिरीवरच्या मोटारीला वीज मिळाली. मंडळाची तारीफ पुरे करतो. शेतीची वीज रात्रीच सोडावयाची व कुणब्याने बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन दारे धरावयाची, हेही त्याच सार्वजनिक तारेवर घडले आहे. का? कारण तेरावे बिल आपल्या दारात कधी आले नाही व आपण मागितलेही नाही.

२००३ साली नवा कायदा झाला. मोठ्या तारा ओढण्याचा परवाना आता खासगी कंपनीलाही मिळतो. २००५ साली आपल्या मंडळाचे भाग होऊन मोठ्या तारा महापारेषणकडे आल्या. ती राज्याच्या मालकीची आहे. परंतु त्याच राज्यात तिरोड्याहून मराठवाड्याकडे येणारी थोरली लाइन अदानींची आहे. तिच्यात कोळशाची वीज वाहते, पाण्याची नव्हे. पण आपल्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही. या सर्व तारांचे वर्षाचे भाडे वीज आयोग ठरवितो, ते एकत्र करतो, व वाटणी करून वीज पुरविणाऱ्या कंपन्यांकडून, म्हणजे अखेर गिऱ्हाइकाकडून, वसूल होते. आपले बिल काढून पहा. त्यावर ‘वहन आकार’ अशी एक ओळ दिसेल. ती गावापर्यंतच्या लहान तारांची. मनोऱ्यांच्या तारांचे भाडे वेगळे दिसत नाही. ते वीज आकाराच्या पोटात दडलेले असते. पाटाची पट्टी पाण्याच्या पट्टीत मिसळून टाकली म्हणजे पाट कोणी व केवढ्याला काढला हे विचारावयाचे राहूनच जाते.

खासगी म्हटले की चोर, असे माझे म्हणणे नाही. कित्येक ठिकाणी अशा कंपन्यांनी काम वेळेवर केले आहे. पण ओळ उभी राहिली की तिला चढाओढ नाही. कराराची वर्षे दोन पिढ्यांना पुरतात. आणि मनोरा माझ्या बांधावर उभा राहतो. तेव्हा ज्या कामाला बाजार नाही त्याचा मालक बाजारातला असू नये, असे माझे मत आहे. आणि मालक सरकार असले तरी चोपडी उघडी पाहिजे. या दोहोंपैकी एकावर भागणार नाही.

करावयाचे काय ते सांगून बसतो. दरवाढीचे व भाड्याचे अर्ज आयोगापुढे येतात तेव्हा त्यांची जाहीर नोटीस वर्तमानपत्रांत मराठीतून छापली जाते, आणि कोणीही गिऱ्हाईक हरकत घेऊ शकते. वकील लागत नाही. ती नोटीस दिसली की कापून चावडीवर चिकटवावी. मुदत थोडी असते. ज्यांच्या रानातून मोठी लाइन गेली आहे त्यांनी मनोऱ्यावरच्या पाटीवरील नाव व क्रमांक कागदावर उतरवून आणावा. ती कोणाची हे आपण मिळून शोधू. बिले सर्वांनी आणावी, थकलेली असली तरी. येत्या रविवारी शाळा रिकामी आहे. दुपारच्या जेवणानंतर फळ्यावर एकेक ओळ मांडून पाहू, आणि ज्या ओळीचा अर्थ लागणार नाही तिच्याविषयी आयोगाला पत्र लिहू. सह्यांना बायकांनीही यावे, मीटर घराघरात असतो.